आकाशाशी ताळा पाहणारे केरूनाना

पुण्यात आज असंख्य तरुण सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतात. अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर यांचा ताळा पाहणे, हा त्या कामाचा गाभा. ही विद्या ग्रंथांपेक्षा जाणत्या सहकाऱ्याच्या सहवासातच अधिक लाभते. याच शहरात दीडशे वर्षांपूर्वी पंचांगाचा ताळा आकाशाशी पाहणारे एक गणिती होऊन गेले. ते म्हणजे रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना.

अलिबागजवळील नागाव हे त्यांचे जन्मगाव. मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये प्रा. ऑर्लेबार यांच्यापाशी ते गणित व ज्योतिष शिकले आणि त्यांच्याच हाताखाली कुलाब्याच्या वेधशाळेत रुजू झाले. तेथील सुमारे दहा वर्षांच्या नोकरीने त्यांना वेधाची शिस्त लावली. १८५१ मध्ये ते पुण्यास आले. भावी शिक्षकांना घडविणाऱ्या नॉर्मल स्कूलपासून सुरू झालेले त्यांचे अध्यापन पुढे डेक्कन कॉलेजात गणिताच्या प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले. शाळांसाठी त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञानाची मराठी पुस्तकेही लिहिली.

त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. ग्रंथ सुबोध होता. परंतु गणितातील सूक्ष्म अंतर शतकानुशतके साचत गेले होते. पंचांगातील ग्रह व आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेना. केरूनानांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांगही निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग.

पण पंचांग म्हणजे केवळ गणित नव्हे. व्रते, सण व श्राद्धतिथी त्यावरच ठरतात. त्यामुळे चूक दाखविणे सोपे असले तरी ती समाजाच्या गळी उतरविणे कठीण होते. या पंचांगाला अनुयायी थोडेच लाभले. केरूनानांनी मात्र आपला मार्ग सोडला नाही.

१९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य तेथेच थांबले नाही. डेक्कन कॉलेजातील त्यांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकविले आणि पुढे पंचांगशुद्धीचा प्रश्नही हाती घेतला. आजचे टिळक पंचांग हे त्याच परंपरेचे फळ. प्रचलित उत्तर पुन्हा तपासून पाहण्याची ही सवय ऑर्लेबारांकडून केरूनानांकडे आणि केरूनानांकडून टिळकांकडे आली. गुरूचे खरे देणे हेच असावे.