डी. डी. पामर आणि मानेचा झटका

1895 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट शहरात हार्वी लिलार्ड नावाचा सफाई कामगार डॅनियल डेव्हिड पामर यांच्याकडे आला. त्याला 17 वर्षे नीट ऐकू येत नव्हते. पामर यांना त्याच्या पाठीत एक मणका हाताला वर आलेला लागला. त्यांनी त्यावर झटका दिला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत. कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीचा जन्म तो हाच. वास्तविक ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीकडे ती उतरतच नाही. एक्स-रेचा शोधही त्यानंतर दोनेक महिन्यांनी लागला, त्यामुळे मणका खरोखर सरकला होता का, हे पाहण्याची सोय नव्हती.

पामर वैद्यकशास्त्र शिकलेले नव्हते. 1845 मध्ये कॅनडात, टोरांटोजवळ जन्म. अमेरिकेत आल्यावर त्यांनी शाळेत शिकवले, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवले, मग चुंबकीय उपचार सुरू केले. पुढे त्यांनी 100 पैकी 95 आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा सिद्धान्त मांडला. त्याला पुरावा मिळाला नाही. शाळा मात्र निघाली आणि चालली. 1906 मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. 23 दिवसांनी दंड भरून ते सुटले. शाळा मुलाकडे, बी. जे. पामर यांच्याकडे गेली. 1913 मध्ये लॉस एंजेलिस येथे टायफॉइडने पामर वारले.

मुलाने पुढे सगळा भर मानेच्या अगदी वरच्या मणक्यांवर दिला. धोका नेमका तिथेच आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत शिरण्यापूर्वी पहिल्या मणक्याभोवती वळसा घेतात. मान झटक्याने फिरवली की तिथे ताण येतो. क्वचित धमनीचे आतले अस्तर फाटते, गुठळी होते आणि पक्षाघात होतो. असे मृत्यू 1947 मध्येच अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले.

अशा घटना विरळ आहेत, हे खरे. काही रुग्णांत धमनी आधीच फाटलेली असते, मान दुखते ती त्यामुळेच, आणि त्या दुखण्यासाठीच ते झटका द्यायला जातात, असेही अभ्यासक म्हणतात. पण त्याने झटका निर्धोक ठरत नाही. फाटलेल्या धमनीला तर तो अधिकच घातक.

कटिंगनंतर केशकर्तनालयात मान कडाकडा मोडून घेणाऱ्यांच्या मानेतही याच धमन्या असतात. पूर्वी कधी न झालेली, एका बाजूची तीव्र मानदुखी अचानक सुरू झाली, जोडीला चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा तोल जाणे असेल, तर मानेला कोणालाही हात लावू देऊ नये, थेट रुग्णालय गाठावे. आमवात किंवा हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी मानेचा झटका घेऊच नये. साध्या मानदुखीत व्यायाम, शेक आणि थोडा धीर यांनी बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.