मेरी वॉर्ड : सूक्ष्मदर्शकातून विश्व उलगडणाऱ्या विदुषी

(३१ ऑगस्ट : स्मृतिदिन विशेष)

यांत्रिक वाहनाच्या अपघातात मृत्युमुखी पडलेली जगातील पहिली व्यक्ती म्हणून आयर्लंडच्या मेरी वॉर्ड यांचे नाव सामान्यतः घेतले जाते. तथापि, त्यांची खरी ओळख सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ, चित्रकार आणि विज्ञानलेखिका ही होय.

मेरी यांचा जन्म २७ एप्रिल १८२७ रोजी मध्य आयर्लंडमधील बॅलिलिन येथे धर्मगुरू हेन्री किंग यांच्या घरी झाला. त्या काळी विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. त्यामुळे त्यांचे शिक्षण घरीच झाले. लहानपणापासून त्या भिंगातून कीटक पाहून त्यांची चित्रे काढीत. खगोलशास्त्रज्ञ जेम्स साऊथ यांनी हे कौशल्य हेरून त्यांना सूक्ष्मदर्शक घेऊन देण्याचा सल्ला त्यांच्या वडिलांना दिला. मेरी यांनी त्यावर आपल्या प्रयत्नांनी प्रभुत्व मिळविले.

पार्सन्सटाउन (आजचे बर) येथे त्यांचे नातलग विल्यम पार्सन्स, रॉसचे तिसरे अर्ल, ७२ इंच व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारीत होते. मेरी यांनी त्या कामाची रेखाटने केली. या दुर्बिणीच्या पुढील काळातील जीर्णोद्धारात ती उपयोगी पडली.

१८५४ मध्ये हेन्री वॉर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आठ अपत्यांचा सांभाळ करीत त्यांनी अभ्यास चालू ठेवला. स्त्रीचे विज्ञानलेखन कोणी छापणार नाही, या शंकेने १८५७ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकावरील पहिल्या पुस्तकाच्या २५० प्रती स्वतः छापून घेतल्या. त्या अल्पावधीत संपल्या. मग लंडनच्या प्रकाशकाने पुस्तक स्वीकारले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १८५९ मध्ये दुर्बिणीवरील पुस्तक आले. चित्रेही त्यांनीच काढलेली असत. कोणत्याही वैज्ञानिक संस्थेचे सभासदत्व मात्र त्यांना लाभले नाही.

३१ ऑगस्ट १८६९ रोजी त्या पतीसह पार्सन्सटाउन येथे होत्या. दिवंगत अर्ल यांच्या मुलांच्या प्रायोगिक वाफेच्या गाडीतून त्या फेरफटक्याला निघाल्या. अर्ल यांचा पंधरा वर्षांचा मुलगा चार्ल्सही सोबत होता. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता. चर्चजवळच्या वळणावर गाडीला हिसका बसला, मेरी आसनावरून खाली फेकल्या गेल्या आणि चाक त्यांच्या अंगावरून गेले. मान मोडल्याने त्यांचा जवळजवळ तत्काळ मृत्यू झाला. त्या अवघ्या ४२ वर्षांच्या होत्या. चौकशीत हा अपघाती मृत्यू ठरला. कोणावरही दोषारोप झाला नाही. चार्ल्स पार्सन्स यांनीच पुढे १८८४ मध्ये वाफेची टर्बाइन निर्माण केली.

धोका केवळ वेगात नसतो, आसनावरील व्यक्तीला धरून ठेवणारी व्यवस्था नसण्यातही असतो, हे या घटनेतून दिसते. प्रयोगावस्थेतील वाहनाची परीक्षा आणि त्यातून लोकांचा प्रवास या तेव्हा वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आज भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी झाल्याशिवाय ते बाजारात येऊ शकत नाही.

मेरी वॉर्ड यांच्या नावापुढे अपघाताची नोंद कायम राहील. परंतु सामान्य वाचकांसाठी सूक्ष्म जीवसृष्टीचे दालन खुले करणारी लेखणी आणि कुंचला हेच त्यांचे खरे स्मारक आहे.