औषधाची अमानत : मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

काही माणसे अशी असतात की त्यांचे काम घरोघर पोहोचते, परंतु नाव मागे राहते. 'सिप्ला' हा शब्द औषधाच्या पाकिटावर वाचला नाही असे घर नांदगाव तालुक्यात शोधून सापडणार नाही. पण ही कंपनी उभी करणारे मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद कोण, कुठले, कसे शिकले, हे आपल्या विद्यार्थ्यांना विचारले तर फार थोडे हात वर होतील. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे ते याचसाठी. त्यांच्या आयुष्याची वर्षे आणि या देशात औषधाला कायदा मिळाला ती वर्षे जवळजवळ एकच आहेत. म्हणून दोन्ही गोष्टी येथे एकत्रच सांगितल्या आहेत.

ख्वाजासाहेबांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. सर सय्यद अहमद खान यांचे निधन त्याच वर्षी झाले होते आणि त्यांनी लावलेल्या शिक्षणाच्या रोपट्याची सावली सबंध शहरावर होती. शालेय शिक्षण इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये झाले. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हेही याच शाळेचे विद्यार्थी. एका लहान गावच्या शाळेतून एक राष्ट्रपती आणि एक शास्त्रज्ञ-कारखानदार निघावा, ही गोष्ट आपल्यासारख्या गावातील पालकांनी आणि शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी.

पुढे अलाहाबादला रसायनशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच महात्मा गांधींच्या असहकाराची हाक आली. सरकारी शिक्षणावर पाणी सोडून तरुण हमीद चळवळीत उतरले. १९२० साली अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. सरकारची एक पैही न घेता चालविलेल्या या विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्र शिकविले. पगार जेमतेम, प्रयोगशाळा नावापुरती. पण शिकविणारे आणि शिकणारे दोघेही जिद्दीचे.

१९२४ साली उसनवारीच्या पैशांवर ते परदेशी निघाले. बेत इंग्लंडचा होता, परंतु रसायनशास्त्रात त्या काळी जर्मनीचा हात धरणारे कोणी नव्हते. म्हणून त्यांनी बर्लिन गाठले व तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. लिथुआनियाच्या एका ज्यू घराण्यातील लुबा या तरुणीशी त्यांची ओळख बर्लिनमध्येच झाली आणि १९२८ साली त्यांचा विवाह झाला. युरोपात ज्यूद्वेषाचा वणवा पेटू लागला होता, त्या काळात झालेला हा संबंध अखेरपर्यंत टिकला.

परत आल्यावर ख्वाजासाहेबांनी मुंबईत बस्तान बसविण्याची धडपड सुरू केली. त्या वेळी आपल्या देशातील औषधांचा बाजार कसा होता, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

अफूसाठी कायदा होता, विषारी पदार्थांसाठी १९१९ चा कायदा होता. परंतु औषध म्हणून जे विकले जाई त्याच्या शुद्धतेवर देशभर लागू असा एकही कायदा नव्हता. परदेशांत न खपलेला माल येथे येई. हिवतापाने माणसे पटापट मरत असताना ज्या क्विनाइनवर सारी भिस्त, त्यातही भेसळ निघे. कोणीही उठावे, फळीवर बाटल्या मांडाव्यात आणि औषधविक्रेता म्हणवून घ्यावे. बाटलीत काय आहे, किती आहे, किती जुने आहे, हे विचारणारा अंमलदार नव्हता आणि सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नव्हते. लोकांची ओरड वाढली तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. संबंध देशाला एकच औषध-कायदा हवा, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात आणि औषध देणारा माणूस शिकलेला व नोंदलेला हवा, असा त्याचा मथितार्थ होता. अहवाल आला, कायदा यायला मात्र आणखी नऊ वर्षे लागली.

या मधल्या काळातच, १९३५ साली, ख्वाजासाहेबांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज या नावाची कंपनी नोंदविली. या लांबलचक नावाचे आद्याक्षरी रूप म्हणजेच सिप्ला. मुंबई सेंट्रल भागात भाड्याच्या बंगल्यात काम सुरू झाले आणि १९३७ च्या सप्टेंबरात पहिला माल बाजारात आला. देशी औषध म्हणजे हलके औषध, असा समज डॉक्टरांत आणि गिऱ्हाइकांत पक्का रुजलेला होता. तो मोडायचा तर माल निखळ हवा आणि त्याची तपासणी चोख हवी, दुसरा मार्गच नव्हता.

त्याच १९३७ साली अमेरिकेत एक भयंकर प्रकार घडला. सल्फा जातीच्या औषधाचे पातळ मिश्रण करताना एका कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव वापरला आणि शंभरावर माणसे, त्यांत बरीचशी लहान मुले, दगावली. पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. औषधाचे कायदे बहुतेक ठिकाणी असे कबरींच्या शेजारी उगवले आहेत.

जुलै १९३९ मध्ये महात्मा गांधी सिप्लाचा कारखाना पाहण्यास आले. दोन-तीन महिन्यांतच दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी औषधांची आवक तुटली. कालपर्यंत ज्याला हलके म्हणत त्याच देशी कारखान्याकडे आता सर्वांचे डोळे लागले. सिप्लाने आपली सारी यंत्रसामग्री युद्धकाळातील गरजेच्या कामाला जुंपली.

१९४० साली अखेर औषध-कायदा संमत झाला. त्याचे नियम १९४५ साली आले आणि विक्रीवरील नियंत्रणाचा प्रत्यक्ष अंमल १९४७ पासून सुरू झाला. १९४८ च्या फार्मसी कायद्याने फार्मासिस्टाची नोंदणी सुरू झाली. देशी कारखानदारांना हा जाच वाटावा असे वरवर पाहता कोणी म्हणेल. पण खऱ्या कारखानदाराला कायद्याने बळच दिले. कारण साहेबी नावाचा माल आणि देशी नावाचा माल आता एकाच तराजूत पडू लागला.

ख्वाजासाहेब नुसते कारखानदार राहिले नाहीत. १९३७ ते १९६२ अशी पंचवीस वर्षे ते विधान परिषदेचे सदस्य होते. १९३७ साली मंत्रिपद पुढे आले असता त्यांनी ते नाकारले. देशात औद्योगिक संशोधनाची संस्था हवी असा आराखडा त्यांनी मांडला होता; १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा वाटा आहे. मुंबईचे शेरीफपदही त्यांनी भूषविले. फाळणीला त्यांचा ठाम विरोध होता. १९४७ च्या वावटळीत अनेक घराणी इकडची तिकडे झाली. ख्वाजासाहेब, त्यांचे कुटुंब आणि त्यांचा कारखाना मुंबईतच राहिला.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक लढाई अंगावर घेतली, ती पेटंटची. १९११ च्या जुन्या कायद्यामुळे नव्या औषधांवर परदेशी कंपन्यांची मक्तेदारी होती आणि गरीब देशात औषधे महाग मिळत. देशी कारखानदारांनी १९६१ साली इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही संघटना स्थापन केली, तिच्या अग्रणींत ख्वाजासाहेब होते. १९७० चा नवा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. या कायद्याचे मर्म घरगुती दाखल्याने सांगता येईल. भाकरी करण्याची एखादीची खास रीत असेल तर त्या रीतीवर तिचा हक्क, पण भाकरीवर कोणाचा हक्क नाही. दुसरीने आपल्या रीतीने भाकरी थापावी. औषधाचेही तसेच झाले. स्वतःच्या पद्धतीने तेच औषध करण्याची वाट मोकळी झाली आणि किमती खाली आल्या. अमलानंतर दोनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, ख्वाजासाहेबांचे निधन झाले. २००५ साली कायदा पुन्हा बदलला व औषधावरच पेटंट मिळू लागले. परंतु त्याआधी २००१ साली, त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखविला. जगात त्या वेळी तोच खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. बापाने खणलेल्या विहिरीचे पाणी दूर आफ्रिकेपर्यंत गेले ते असे.

आता हा कायदा आपल्या रोजच्या व्यवहारात कोठे भेटतो ते पाहू. नांदगाव, मनमाड, मालेगाव, कोठल्याही मेडिकल दुकानात भिंतीवर चौकटीत परवाना लावलेला असतो. तो दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. किरकोळ विक्रीचा हा परवाना नमुना २० आणि २१ मध्ये मिळतो. दुकानास किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टाच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

कायद्याने औषध कशाला म्हटले आहे? माणसाच्या अथवा जनावराच्या रोगाचे निदान, उपचार, उपशम वा प्रतिबंध यांसाठी पोटात घ्यावयाची किंवा बाहेरून लावावयाची प्रत्येक वस्तू औषधच. अंगाला लावण्याचे डास पळविणारे मलमही त्यात येते, आणि कॅप्सूलची रिकामी टोपीसुद्धा.

मग या औषधांची वर्गवारी परिशिष्टांनी केली आहे. लशी, सिरम यांसारखी जैविक औषधे 'सी' परिशिष्टात. 'जी' परिशिष्टातील औषधावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना असते. 'एच' परिशिष्टातील औषध डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज देता येत नाही. त्याच्या पाकिटावर 'आरएक्स' ही खूण असते. अँटिबायोटिक औषधे वाटेल तशी खपू लागली आणि जंतू त्यांना दाद देईनासे झाले, तेव्हा २०१४ पासून 'एच-वन' हे नवे परिशिष्ट अमलात आले. त्यातील औषधाच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो आणि विक्रेत्याने रुग्णाचे, डॉक्टरचे व औषधाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. 'एक्स' परिशिष्टात मनावर अंमल करणारी औषधे. ती कुलपात ठेवायची, चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची आणि एक प्रत दोन वर्षे राखायची. उलटपक्षी 'के' परिशिष्टात सवलती आहेत. हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात बाम, पॅरासिटामॉल, एरंडेल यांसारखी घरगुती औषधे ठरलेल्या अटींवर बिनपरवाना विकता येतात. कायदा करणाराला वाडी-वस्तीवरचा माणूस दिसत होता, याची ही खूण आहे.

आमच्या हकीम मंडळींनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदाबरोबर युनानी औषधेही या कायद्यात आली. ती विकण्यास परवाना लागत नाही, पण विक्रीसाठी बनविण्यास लागतो. आणि त्यातील विषारी द्रव्यांची यादी 'ई-वन' परिशिष्टात दिलेली आहे.

इतके सारे असूनही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मरण पावले. विष तेच, १९३७ साली अमेरिकेत निघालेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली आणि कायदा पुस्तकात कसा झोपून राहिला ते जगापुढे आले. आता नकली वा भेसळीच्या औषधाने मृत्यू घडल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षा ही मेल्यानंतरची गोष्ट. मरण टाळायचे काम दुकानाच्या काउंटरवरच्या माणसाचे आहे.

म्हणून विद्यार्थी बंधू-भगिनींनो, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. आपल्यातील अनेक मुले-मुली आता डी. फार्म., बी. फार्म. करू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु शिकून झाल्यावर आपले सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने दुसऱ्याच्या भिंतीवर टांगायचे आणि आपण भलत्याच धंद्याला लागायचे, ही चाल गावोगावी पडली आहे. घरबसल्या पैसा येतो, आई-बापही हरकत घेत नाहीत. पण त्या दुकानात चिठ्ठीवरचे अक्षर न कळणारा पोरगा एका औषधाऐवजी दुसरे देतो, तेव्हा भिंतीवर नाव तुमचे असते. ती रोजी हलाल कशी म्हणावी? विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. आजारी माणूस आपला जीव औषध देणाऱ्याच्या हाती अमानत म्हणूनच ठेवतो. ती भाड्याने देता येत नाही.

ख्वाजासाहेब उसन्या पैशांवर शिकले, भाड्याच्या बंगल्यात कारखाना काढला. पण आपल्या नावाखाली निघालेल्या औषधाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर वाहिली. आपल्या संस्थेतून निघालेला एक जरी फार्मासिस्ट स्वतःच्या परवान्याखाली स्वतः उभा राहिला, चिठ्ठी नीट वाचून, तारीख पाहून, पावती करून औषध देऊ लागला, तर या स्मरणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. अल्लाह मरहूमांना जन्नत नसीब करो आणि आपल्या मुलांना इल्मबरोबर ईमानही देवो. आमीन.