तालमीतले बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ साली झाला. लहानपणापासूनच त्यांचा आवाज गोड होता. शिक्षणासाठी जळगावी असताना मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. दहाएक वर्षांच्या या मुलाचे गाणे लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या कौतुकाच्या शब्दांवरून ‘बालगंधर्व’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. गंधर्व म्हणजे देवांच्या सभेतील गवई. मात्र असे नाव मिळाल्याने कोणी नट होत नाही, आणि नारायणरावांना तर नट व्हायचे होते, हे त्यांच्या चरित्राकडे पाहताना विसरता कामा नये.

त्या काळी मध्यमवर्गीय घरातील मुलाने नाटक कंपनीत जाणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसल्याने नायिकेच्या भूमिकाही पुरुषच करीत. किर्लोस्कर नाटक मंडळीचे विख्यात गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले, आणि त्यांची उणीव भरून काढील असा नट मंडळीला हवा होता. नारायणरावांच्या मार्गात आणखी एक अडचण होती. त्यांना कानाचा विकार जडला होता. ज्याला स्वर ऐकायचे, त्याचाच कान दुखावलेला! कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी या मुलाच्या उपचाराची व्यवस्था मिरजेच्या मिशन रुग्णालयात केली. पुढे १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि मिरजेतच ‘शाकुंतल’मधील शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांपुढे उभे राहिले.

येथून त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. नाटक कंपनीतील सरावाला तालीम म्हणतात आणि ती घेणारा तो तालीममास्तर. नारायणरावांना या नात्याने गोविंद बल्लाळ देवल लाभले. देवल हे ‘शारदा’ नाटकाचे कर्ते होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात ते घडले होते आणि काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकाचे कामही केले होते. नटाने पाठ केलेले भाषण नुसते म्हणून दाखवावे, हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक वाक्याचा अर्थ, ते बोलणाऱ्याची मनःस्थिती, शब्दावरचा नेमका आघात यांकडे त्यांचे बारीक लक्ष असे. गाण्यासाठी टाळ्या घेणारा तरुण गद्य बोलू लागला की उणा पडू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. नारायणरावांच्या शकुंतला, सुभद्रा, शारदा, वसंतसेना यांच्यामागे या तालमींचे कष्ट आहेत. मधुर गळ्याचे श्रेय निसर्गाला देता येईल. चालणे, लाजणे, पदर सावरणे आणि गप्प राहूनही बोलणे हे मात्र शिकूनच आले.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग व्हायचा होता. नारायणरावांकडे नायिका भामिनीची भूमिका होती. नेमक्या त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्यास मंडळी तयार होती, परंतु नारायणरावांनी त्याला नकार दिला. रात्री ते रंगभूमीवर आले आणि त्यांनी श्रीमंतीच्या तोऱ्यात वावरणारी, खेळकर भामिनी उभी केली. त्यांचा हा निर्णय सर्वांनाच पटेल असे नाही. घरी त्यांच्या पत्नीने तो दिवस कसा काढला असेल, हा विचारही मनात येतोच. पण या प्रयोगाने नारायणरावांचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे मतभेद झाले आणि १९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. देवल नव्या मंडळीतही तालमी घेऊ लागले. ‘संशयकल्लोळ’ला त्यांनी संगीत नाटकाचे रूप दिले; परंतु ते रंगभूमीवर येण्यापूर्वीच, १९१६ च्या जूनमध्ये, त्यांचे निधन झाले. गाण्याच्या बाबतीत भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन होते. १९१६ च्या डिसेंबरात आलेल्या ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्याच. प्रसिद्धी मिळाल्यावरही नारायणराव त्यांच्यापुढे शिष्य म्हणूनच बसत.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. भरजरी शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून सिंधू झाले. दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या घरातील त्या सोशिक स्त्रीला पाहून प्रेक्षागृह हुंदके देई. देवलांनी शिकविलेले गद्य येथे कामी आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

व्यवहार मात्र त्यांना कधीच साधला नाही. रंगमंचावरील वस्तू अस्सलच हवी, असा त्यांचा आग्रह असे. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी तर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. भागीदार एकेक करून दूर झाले आणि कर्जाचा डोंगर त्यांच्या एकट्याच्या शिरावर आला. अशाही स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते प्रतिस्पर्धी मंडळीचे केशवराव भोसले यांच्यासह उभे राहिले. कर्ज बुडविण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. गावोगाव प्रयोग करून काही वर्षांत ते फेडले. या काळात भास्करबुवाही गेले. तेव्हा त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी दिलेल्या चाली नारायणरावांनी, स्वतः वयाने व लौकिकाने मोठे असूनही, आत्मसात केल्या.

बोलपटांमुळे नाटक मंडळ्यांना ओहोटी लागली. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण समोर प्रेक्षक नसलेल्या त्या जगात त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पुढे पाय निकामी झाले, तेव्हा ते बसून भजने गात. १९६४ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला.

१९६२ साली पुण्यात एका नव्या नाट्यगृहाचे भूमिपूजन वृद्ध नारायणरावांच्या हस्ते झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. पुढील वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिनी, ‘बालगंधर्व रंगमंदिर’ प्रेक्षकांसाठी खुले झाले.