सरासरीमागचा माणूस शोधणारे डॉ. सुखात्मे

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत ज्वारी-बाजरी काढणीला आली, की निवडक शेतांमध्ये सरकारी कर्मचारी दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन उतरतात. कोणते गाव, कोणते शेत आणि त्या शेतातला नेमका कोणता कोपरा, हे त्यांच्या मर्जीवर नसते. यादृच्छिक आकड्यांनी ते आधीच ठरलेले असते. ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही, हे खानदेशातील शेतकऱ्याला कित्येकदा या लहानशा चौकोनावरूनच कळते. ही पद्धत देशभर रुजवण्यात ज्या मराठी माणसाचा मोठा वाटा होता, त्याने पुढे तीच चिकित्सक नजर माणसाच्या ताटाकडे वळवली. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. शेतकऱ्यांना ते फारसे ठाऊक नाही आणि रोजच्या आहारात किती ग्रॅम प्रथिने हवीत याची चिंता वाहणाऱ्या शहरी मध्यमवर्गालाही नाही.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. रोनाल्ड फिशर, जर्झी नेमन, इगॉन पिअर्सन ही आधुनिक संख्याशास्त्राची पायाभरणी करणारी मंडळी त्या काळी तिथे होती. त्यांचे आपापसांत पटत नसे, पण एखादा आकडा पुढे आला की तो कसा आला हे विचारल्यावाचून त्यांपैकी कोणीही तो स्वीकारत नसे. सुखात्मे यांनी ही सवय उचलली. १९३६ मध्ये पीएच.डी. घेऊन ते परतले. काही काळ कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत अध्यापन केल्यावर १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

त्या काळी पिकाचा अंदाज म्हणजे बहुधा गावकामगाराच्या नजरेचा अंदाज असे. नमुना पाहणीने तो बदलता येईल याबद्दल प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांचे एकमत होते; वाद होता तो चौकोन केवढा असावा याचा. महालनोबिस यांचा कल अगदी लहान तुकड्यांकडे होता. लहान तुकड्यांत कडेवरची रोपे मोजणाऱ्याच्या हातून नकळत आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. तुकडा जितका लहान तितका क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा वाटा मोठा, हे त्यामागचे साधे गणित. कोणीही लबाडी केलेली नसताना आकडा चुकू शकतो आणि नमुन्यांची संख्या वाढवून ही चूक भरून निघत नाही, हा धडा आरोग्यविषयक संशोधनाची बातमी वाचतानाही उपयोगी पडावा असा आहे.

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले आणि १९७० पर्यंत तेथे राहिले. जगातील दोन तृतीयांश माणसे उपाशी आहेत, हे विधान तेव्हा सर्वतोमुखी होते. ते करणारे लॉर्ड बॉइड ऑर हे याच संघटनेचे पहिले महासंचालक आणि शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. सुखात्मे यांनी ते तपासायला घेतले. एखाद्या देशाच्या सरासरी अन्नपुरवठ्यावरून तिथली सारी माणसे उपाशी किंवा सारी तृप्त ठरवता येत नाहीत; घराघरांतल्या वाटपाचा विस्तार पाहावा लागतो. १९६१ च्या त्यांच्या निबंधात पोटभर न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के आले. निकृष्ट आहाराचे बळी धरले तर ते एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत जात होते. ज्या संस्थेची प्रतिष्ठा मोठ्या आकड्यावर उभी होती, तिथेच बसून लहान आकडा मांडायला धैर्य लागते. आज ही संघटना दरवर्षी जगातील भुकेल्यांचा जो अंदाज प्रसिद्ध करते, त्याच्या पद्धतीचे मूळ या निबंधात आहे.

साठच्या दशकात प्रथिनांची हाकाटी सुरू झाली. येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाबद्दल १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अहवाल काढला. माशांच्या भुकटीपासून पेट्रोलियमवर वाढवलेल्या यीस्टपर्यंत नाना उपाय सुचवले जाऊ लागले. सुखात्मे यांनी भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे पुन्हा मांडून पाहिले. त्यांना दिसले ते असे, की धान्य आणि डाळ पोटभर खाणाऱ्याला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत; ज्यांना ती कमी पडतात त्यांना मुळात अन्नच कमी पडते. अन्न अपुरे असले की खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळते. तेव्हा प्रश्न भुकटीचा नव्हता, भाकरीचा होता. पुढे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांची गरज खाली आणली आणि त्या संकटाची चर्चा ओसरली.

हा युक्तिवाद पडताळण्यासाठी खानदेशातील कळण्याची भाकरी पुरेशी आहे. तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद असे ४०० ग्रॅम पीठ एखाद्या कष्टकऱ्याच्या पोटात दिवसभरात गेले, तर ज्वारीतून सुमारे ३० आणि उडदातून सुमारे २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम लागतात. ज्वारीत कमी असलेले लायसिन उडीद भरून काढतो. उतारवयात मात्र हेच गणित फिरते. पाच-सहा भाकरी खाणारा माणूस दीड भाकरीवर येतो आणि प्रथिनेही त्याच प्रमाणात घटतात. अशा वेळी डब्यातली भुकटी आणण्याआधी भूक का गेली याचा शोध घ्यावा लागतो. दात, औषधे, एकट्याने जेवणे, बंद झालेली हालचाल, यांपैकी काही ना काही तिथे सापडते. पासष्टीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी शिफारस २०१३ मध्ये युरोपातील पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञगटाने केली आहे. मूत्रपिंडाच्या गंभीर विकारात ती लागू नाही. सुखात्मे यांच्या काळात हे संशोधन झालेले नव्हते. पण भूक गेलेल्या माणसाला एवढी प्रथिने घ्यायची कशी, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

शिफारशीचा आकडा म्हणजे काय, हेही बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. प्रथिनांची सरासरी गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम धरलेली आहे. जवळजवळ सर्व निरोगी माणसे त्यात सामावावीत म्हणून ती वाढवून ०.८३ ची शिफारस केली जाते. त्यामुळे ०.७५ ग्रॅम खाणारा आजारी ठरत नाही. तेवढे खाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना ते पुरेसे असते. उष्मांकांच्या बाबतीत मात्र अशी वाढ धरत नाहीत, कारण जास्तीचे अन्न चरबी होऊन साठते. तो आकडा निव्वळ सरासरीचा असतो आणि निरोगी माणसांपैकी निम्म्यांची गरज त्याहून कमीच असते.

इथूनच सुखात्मे यांच्या आयुष्यातला सर्वांत कडवा वाद सुरू झाला. रोमहून निवृत्त झाले तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. सत्कार स्वीकारत उरलेले आयुष्य सुखाने घालवता आले असते; त्याऐवजी ते पुण्यात राहून पोषणाच्या जीवशास्त्रात शिरले. त्याच पुण्यात गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिवसाला २२५० उष्मांक ही सीमा धरून ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक त्याखाली असल्याचे १९७१ मध्ये मांडले होते. सुखात्मे यांचा आक्षेप सीमेवर होता. माणसामाणसांत गरज वेगळी असते, इतकेच नव्हे तर एकाच माणसाचा आहारही दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलतो, आणि शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीखालच्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे चुकीचे आहे. सीमा बरीच खाली हवी. बर्कले येथील डॉ. शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी १९७८ आणि १९८२ मध्ये या विषयावर निबंध लिहिले.

दांडेकर यांनी त्याला कसून उत्तर दिले. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांचा विरोध तर अधिक मुळावरचा होता. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत खुंटलेली वाढ आणि घटलेली कामाची ताकद या रूपाने मोजते, असे त्यांचे म्हणणे होते. लहान चणीची माणसे निरोगीच असतात, हा अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांचा सिद्धान्त याच सुमारास पुढे आला होता आणि त्याची छाया सुखात्मे यांच्या मांडणीवरही पडली. यात केवळ विद्वानांची अहंता पणाला लागलेली नव्हती. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरचे मूल सीमा खाली आणल्याने कागदावरून कुपोषितांच्या यादीतून बाहेर पडते. त्याच्या अंगावर मास मात्र चढत नाही.

टीकाकारांची बाजू इथे जड आहे. शरीर जुळवून घेते याचा सुखात्मे यांच्याकडचा पुरावा मोजक्या, निरोगी, तरुण पुरुषांवरील काही आठवड्यांच्या नोंदींचा होता. त्यावरून अर्धपोटी वाढणाऱ्या मुलांबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे लहान चौकोनावरून सारे शेत मोजण्यासारखेच होते. ज्याने ती चूक दाखवून नाव मिळवले, त्याच्या हातून ती व्हावी याचे नवल वाटते. परंतु रोजच्या चढउताराबद्दलचा त्यांचा मुद्दा उरला. एका दिवसाच्या आहारनोंदीवरून किंवा एकाच तपासणीच्या आकड्यावरून माणसाला रोगी ठरवू नये, हे आज वैद्यकही मानते. एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून सहसा औषध सुरू होत नाही, ते याच कारणाने.

नुसते अन्न वाढवून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि मलनिस्सारण नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, असाही त्यांचा उत्तरायुष्यातील आग्रह होता. या कल्पनेची मोठी परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे साधी शौचालये, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याची साधने देऊन पाहिली. २०१८ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांची उंची त्याने वाढलेली दिसली नाही. कल्पना चुकली की उपाय तोकडे पडले, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत.

सत्तरी उलटल्यावरही सुखात्मे आपल्याहून तरुण विरोधकांशी आकडे मांडून भांडत राहिले. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंद्र सरकारने २००० पासून संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्काराला त्यांचे नाव दिले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या संख्याशास्त्रज्ञांसाठी तो आहे.