देवगड हापूसची जी लढाई आज चालू आहे, ती एका फ्रेंच बॅरनने वाईनसाठी 90 वर्षांपूर्वी जिंकली होती

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्यात रस्तोरस्ती हापूसच्या पेट्या लागतात. बहुतेक पेट्यांवर नाव एकच असतं, देवगड. आता सिंधुदुर्गातला हा एक तालुका एवढ्या पेट्या भरेल तरी कसा?

उत्तर सगळ्यांना माहितीय. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो. गिऱ्हाईक फसतं आणि कातळात सुरुंग लावून, खड्डे पाडून, त्यात माती भरून कलमं जगवणाऱ्या बागायतदाराचा भाव पडतो.

अगदी हेच दुखणं शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका गावाला झालं होतं. त्यावर ज्याने औषध शोधलं, त्याचं नाव पिएर ल रुआ. वाईनच्या जगात त्याला बॅरन ल रुआ म्हणून ओळखतात.

आधी ते गाव समजून घेऊ.

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोनफ द्यू पाप नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ पोपचा नवा किल्ला. चौदाव्या शतकात पोपचा मुक्काम रोमऐवजी जवळच्या आविन्यों शहरात होता. तेव्हा बाविसावे पोप जॉन यांनी इथे किल्ला बांधला आणि द्राक्षमळ्यांना आश्रय दिला.

इथल्या बऱ्याच मळ्यांत माती दिसतच नाही. दिसतात ते नदीने आणून टाकलेले गुळगुळीत गोटे. ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. देवगडच्या आंब्यात जसा कातळ आणि खारा वारा उतरतो, तसंच इथे गोट्यांचं आहे.

पण एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाची कीड आली. अमेरिकेतून आलेला हा बारीकसा किडा वेलीची मुळं खातो. 1863 च्या सुमारास तो याच खोऱ्यात पहिल्यांदा दिसला आणि पुढे फ्रान्सभर मळेच्या मळे वाळले. शेवटी अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधून मळे पुन्हा उभे केले गेले.

मळे सावरले, पण बाजार नासला होता. कुठलीही वाईन कुठल्याही नावाने विकली जात होती. शातोनफची दमदार वाईन पिंपांत भरून उत्तरेला जायची आणि तिकडच्या फिक्या वाईनमध्ये मिसळली जायची. उलट शातोनफच्या लेबलखाली भलतीच वाईन खपायची. पिकवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नव्हतं.

इथे एंट्री होते ल रुआची.

1890 साली जन्मलेला हा माणूस मूळचा या गावचा नव्हता. त्याने माँपेलिए शहरात कायद्याचं शिक्षण घेतलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो लढाऊ विमानाचा पायलट झाला आणि युद्धात जखमीही झाला. 1919 मध्ये त्याचं लग्न शातोनफमधल्या शातो फोर्तिया या मळ्याच्या वारसदार मुलीशी झालं. म्हणजे गावात तो आला जावई म्हणून.

1923 मध्ये गावचे शेतकरी त्याच्याकडे गेले. कायदा शिकलेला माणूस आहे, भेसळवाल्यांविरुद्ध कोर्टात लढेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ल रुआ तयार झाला, पण त्याने एक अट घातली असं सांगितलं जातं. दुसऱ्यांना चोर म्हणण्याआधी गावाने स्वतः प्रामाणिक राहायचं.

मग गावाने स्वतःसाठीच नियम केले. कुठल्या जमिनीवरची द्राक्षं चालतील? तर जिथे थाइम आणि लॅव्हेंडर ही दोन्ही रानझुडपं वाढू शकतात, अशा कोरड्या, हलक्या जमिनीवरची. सुपीक जमिनीत उत्पन्न जास्त येतं, पण ती बाद. कुठल्या जाती लावायच्या आणि वेलींची छाटणी कशी करायची, हेही ठरलं. वाईनमध्ये किमान 12.5 टक्के अल्कोहोल हवं. तोडणीनंतर खराब द्राक्षं निवडून बाजूला काढायचीच.

यात गावातल्याच काही जणांचं नुकसान होतं. ज्याची जमीन हद्दीबाहेर गेली, त्याला गावचं नाव वापरता येणार नव्हतं. त्यामुळे भांडणं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. 1929 मध्ये ओरांज शहरातल्या कोर्टाने निकाल दिला आणि 1933 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं.

एका गावाला जमलं, तर देशाला का नाही? खासदार आणि माजी कृषिमंत्री जोसेफ काप्यूस हेही याच कामाला लागले होते. दोघांच्या प्रयत्नांतून 30 जुलै 1935 रोजी कायदा आला आणि एओसी, म्हणजे नियंत्रित मूळस्थान नाव, ही पद्धत सुरू झाली. 15 मे 1936 रोजी पहिल्या काही नावांना मान्यता मिळाली आणि त्यात शातोनफ द्यू पाप होतं. त्याच्या नियमांत द्राक्षाच्या 13 जाती आहेत. पुढच्याच वर्षी खोऱ्यातल्या कोत द्यू ऱ्होन या नावालाही मान्यता मिळाली.

ल रुआ पुढे या व्यवस्थेच्या राष्ट्रीय संस्थेचा अध्यक्ष झाला. खोऱ्यातल्या सँत-सेसील गावाने तर त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारला. 1967 मध्ये त्याचं निधन झालं.

त्याने रुजवलेली कल्पना मात्र जगभर पसरली. भारताने 1999 मध्ये भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा कायदा केला. 2004 मध्ये दार्जिलिंग चहा त्यात पहिला आला. पुढे गोदावरीच्या पट्ट्यातल्या नाशिक व्हॅली वाईनला मानांकन मिळालं. सिंधुदुर्गातला वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकमही यादीत आलं. 2018 मध्ये हापूसला मान मिळाला, त्यात कोकणातले पाच जिल्हे आहेत.

तरी पेट्यांवरचं खोटं नाव थांबलेलं नाही. कारण टॅग मिळणं ही अर्धीच गोष्ट. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि आपल्या पेटीत बाहेरचं एकही फळ जाणार नाही हे पाळावं लागतं. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर वेगळ्या कोडचा स्टिकर लावायला सुरुवात केली, ती यासाठीच.

कायदा परराज्यातल्या व्यापाऱ्याला रोखू शकतो. पण आपल्याच गावातला कुणी बाहेरचा आंबा आणून आपल्या पेटीत भरत असेल, तर त्याला गावच थांबवू शकतं. शातोनफने कोर्टाची पायरी चढण्याआधी हेच काम केलं होतं.