पंडिता रमाबाई आणि बायबलमधील संज्ञा
संस्कृतावरील प्रभुत्वामुळे रमाबाई डोंगरे (१८५८–१९२२) यांना १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी लाभली. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे याच संस्कृताशी त्यांचे भांडण झाले. प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर संज्ञा केडगावच्या मुक्तिसदनातील निराश्रित स्त्रियांना दुर्बोध होत्या. शिवाय त्यांतून हिंदू दर्शनांतील जुने अर्थ नकळत शिरतात, ही रमाबाईंची अधिक खोल तक्रार होती. म्हणून हिब्रू व ग्रीक अभ्यासून त्यांनी नवे भाषांतर आरंभिले. मुळाशी इमान राखताना त्यांची वाक्यरचना पुष्कळदा अवघडली, हे मान्य केले पाहिजे. १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली. काम मात्र थांबले नाही. मृत्यूच्या तोंडावर ते पुरे झाले, आणि मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.